बत्तीचा मंगळवार

वेळाशीची बत्ती दर मंगळवारी सकाळी साडेदहाला खडकावरून उतरून समुद्रात जाते आणि दिवस मावळायच्या आत परत येते. बत्ती म्हणजे दीपगृह. कागदोपत्री ते दीपगृह आहे, पण बंदरावर तसं कुणी म्हणत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तिचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, तुकडे विलायतेहून जहाजात घालून आणले, बंदराच्या तोंडाशी असलेल्या खडकावर एकमेकांना जोडले, आणि आठ लोखंडी पायांवर साठ फुटांची बत्ती उभी राहिली. प्रत्येक पायाला चार बोल्ट. मंगळवारी सव्वादहाला हे बत्तीस बोल्ट काढून द्यायचे आणि संध्याकाळी पुन्हा आवळायचे, असं रखवालदाराच्या कामाच्या यादीत लिहिलेलं आहे. आठवड्याची सुट्टी सगळ्यांना असते, तशी तिलाही आहे.

मी वेळाशीच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव. माझ्या आजोबांच्या आधीपासून बत्ती अशी जात-येत होती आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. ती पाण्यात उतरायची, डोंगराच्या नाकाडाला वळसा घालून दिसेनाशी व्हायची. परत यायची तेव्हा कमरेपर्यंत ओली असायची. पायांना शेवाळ असायचं, कधी एखादं कालव चिकटलेलं असायचं. पाण्यात गेलेली वस्तू ओली परत येते, एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

संशय आला तो ती कोरडी परत आली तेव्हा.

पौषातला मंगळवार होता. जेटीवर मासळीचा संध्याकाळचा लिलाव चालला होता. भागीरथी कुबल, म्हणजे आमच्या भागीकाकी, तिथे पाटावर बसल्या होत्या. काकी सोसायटीच्या अध्यक्ष. तीन बोटींच्या मालकीण. नवरा गेल्यापासून एकटीने धंदा सांभाळलेला, त्यामुळे कुणी काही सांगितलं की आधी खोटं धरायची आणि मग तपासायची त्यांना सवय. बत्ती त्या दिवशी समुद्राकडून न येता गावामागच्या रस्त्याने आली, खडकाकडे जाणाऱ्या दगडी बांधावर चढली आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. पाय कोरडे ठणठणीत. घोट्यापर्यंत लाल धूळ.

काकी पाटावरून उठल्या आणि बांधावरून थेट खडकावर गेल्या. रखवालदार विश्राम गिरकर गुडघ्यावर बसून पान्याने बोल्ट आवळत होता. सत्तावन्न वर्षांचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. सव्वीस वर्षं तो त्या खडकावर नोकरीला होता.

"विश्राम, बत्ती खंय जाता?"

"म्हायत नाय, काकी."

"सव्वीस वर्षां बोल्ट काढतंस आणि म्हायत नाय?"

"सहा दिवस ती कामावर आसता," विश्राम म्हणाला. "सातव्या दिवशी खंय जाता, ता विचारणा बरा दिसत नाय."

काकींनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर माझाही बसला नाही.

पुढच्या दोन्ही मंगळवारी तेच झालं. जाताना पाण्यातून गेली, येताना रस्त्याने आली. जाताना लोकांना दिसावं म्हणून मुद्दाम समुद्रात उतरते, असं काकींचं मत पडलं, आणि सोसायटीच्या बैठकीत ते सर्वानुमते मान्य झालं. कुठे जाते याबद्दल मात्र एकमत नव्हतं. बहुतेकांचा रोख शिरगोळकडे होता. शिरगोळ हे दक्षिणेचं बंदर. तिथली बत्ती वीस वर्षांपूर्वी भंगारात गेली, तेव्हापासून तिथल्या लोकांची आमच्या बत्तीवर नजर आहे हे सगळ्यांना माहीत होतं. विश्रामची सासुरवाडी शिरगोळची. ही गोष्ट आजवर कुणाच्या लक्षात राहिली नव्हती, ती आता सगळ्यांना एकदम आठवली.

काकींनी मला एका मंगळवारी शिरगोळच्या जेटीवर बसायला पाठवलं. मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसलो. बत्ती आली नाही. त्याउलट चार माणसं येऊन विचारून गेली की वेळाशीचा सचिव इथे कशासाठी बसलाय. दुसऱ्या दिवशी शिरगोळच्या सोसायटीने त्यावर ठराव केल्याचं कळलं.

पण संशय एकदा आला की त्याला जागा लागते, आणि ती विश्रामच्या घरी मिळाली. त्याची बायको लतिका टोपली घेऊन जेटीवर गेली की समोर सुरमई पडलेली असतानाही बायका "संपली" म्हणून सांगत. लतिका रिकामी टोपली घेऊन परत जायची. त्या घरात मासळी शिजायची बंद झाली. विश्राम चहाच्या टपरीवर यायचा थांबला. बांधावर भेटला तर मान खाली घालून जायचा, आणि त्याची मान खाली आहे हाही त्याच्याविरुद्धचा पुरावा धरला गेला.

एका मंगळवारी त्याने आपल्या परीने प्रयत्न केला. बोल्ट काढले आणि खाली न राहता वर जाऊन दिव्याच्या खोलीत बसला. साडेदहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. बत्ती हलली नाही. साडेबाराला तो कंटाळून खाली उतरला आणि त्याने खडकावर पाय ठेवला, तशी ती निघाली. त्याने हे मला सांगितलं तेव्हा त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला वाईट वाटलं होतं.

शेवटी सोसायटीने दीपगृह खात्याला पत्र लिहिलं. पत्र मीच लिहिलं. महिनाभराने पांगम नावाचे साहेब चौकशीला आले. काळी बॅग, पांढरा शर्ट, उन्हाने लाल झालेले कान. त्यांनी खडकावर उभं राहून आठही पाय पाहिले, धुळीचा थोडा नमुना कागदाच्या पुडीत घेतला आणि बत्तीच्या सावलीत बसून विश्रामला प्रश्न विचारले.

"सुट्टीच्या दिवशी कुठे जावं हा तिचा खाजगी प्रश्न आहे," ते म्हणाले. "खात्याला त्यात काही म्हणायचं नाही. पण मुख्यालय सोडायचं तर पूर्वपरवानगी घ्यावी लागते. अर्ज कुठे आहेत?"

"अर्ज नाहीत, साहेब," विश्राम म्हणाला. "आधीच्या रखवालदारांनीही कधी दिले नाहीत."

"तेव्हा गरज नव्हती. समोरचा समुद्र मुख्यालयातच धरला जातो. पायाला धूळ लागली, याचा अर्थ मुख्यालय सोडलं."

काकी बाजूला उभ्या होत्या. त्यांना हे पटलेलं दिसलं.

साहेबांनी बॅगेतून छापील अर्ज काढून दिला. नाव, हुद्दा, मुख्यालय सोडण्याची वेळ, परतण्याची वेळ, आणि ठिकाण. "ठिकाण मोकळं सोडलेला अर्ज स्वीकारला जाणार नाही," ते म्हणाले. "पंधरा दिवसांत अर्ज न आल्यास पाय वेल्डिंग करून खडकात कायमचे बसवण्यात येतील."

विश्राम उभा राहिला. "बिडाक वेल्डिंग धरत नाय, साहेब. तडो जायत. एका पायाक गेलो काय वरपर्यंत जायत."

"तशी नोंद घेतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी ती घेतली.

त्या संध्याकाळी काकी आपणहून विश्रामच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. काकींचा त्याच्यावरचा संशय गेला नव्हता. पण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडकांची रांग आहे, आणि बत्तीवाचून त्यातून बोट आत आणणं कुणालाही जमणार नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तडा गेलेली बत्ती किती दिवस टिकणार?

"मंगळवारी पाठसून जावया," काकी म्हणाल्या. "तू, मी आणि सचिव. तुका म्हायत आसात तर आताच सांग, फुकट डिझेल नको जाळूक."

"म्हायत नाय," विश्राम पुन्हा म्हणाला. मग म्हणाला, "पाठसून जाणा माका बरा वाटत नाय, काकी. पण तडो जाण्यापेक्षा बरा."

मंगळवारी विश्रामने बोल्ट काढून ओळीने खडकावर मांडले. बत्ती पाण्यात उतरली. आम्ही काकींच्या मासळीच्या टेंपोत बसून खाडीकडे निघालो. मी चालवत होतो, काकी मध्ये आणि विश्राम दाराशी. खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ती नाकाडाला वळसा घालून येतच होती. खाडीवर नवा पूल झालाय, तो पौषात खुला झाला. पुलाच्या सुरुवातीला जड वाहनांना बंदी असल्याचा फलक आहे. बत्ती फलकापाशी थांबली, बहुधा आपण वाहन नाही हे ध्यानात घेऊन पुढे गेली.

पुलापलीकडचा रस्ता घाटाकडे चढत जातो. विजेचे खांब रस्त्याच्या डाव्या अंगाला होते, ती उजव्या अंगाने चालत होती. आम्ही बरंच अंतर ठेवून मागे. समोरून एस.टी. आली, तेव्हा ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि हात वर केला. नेहमीच्या ओळखीतल्या माणसाला करतात तसा. काकींनी ते पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

विश्राम एकटक तिच्या पायांकडे बघत होता. "लंगडता," तो म्हणाला.

मलाही दिसलं. तिसरा पाय ती जरा उशिरा टाकत होती. सव्वीस वर्षांत विश्रामने तिला एकतर उभी पाहिलेली किंवा पाण्यात उतरताना, हल्ली फार तर बांधावरून येताना. जमिनीवर लांब चालताना त्याने तिला आज पहिल्यांदाच पाहिलं.

साडेबाराला ती आंबेघळ नावाच्या गावात शिरली. पंचवीस-तीस घरं, काजूची कलमं, आणि गावाच्या वर कातळाच्या सड्यावर एक सपाट मोकळी जागा. तिथे जाऊन ती उभी राहिली. आम्ही टेंपो खाली लावून वर चढलो. सड्यावर वीसेक बायका जमलेल्या होत्या. त्यातली एक, कासोटा घातलेली, पन्नाशीची, वाटी घेऊन बत्तीच्या तिसऱ्या पायाशी बसली होती आणि सांध्याला तेल लावत होती.

"काय करतंस गे?" काकींनी विचारलं.

तिने मान वर न करता उत्तर दिलं. "करंजेल लावतंय. ह्यो पाय दुखता तिचो. तुम्ही कोण?"

"वेळाशीची."

बाईचा हात थांबला. तिने वाटी खाली ठेवली आणि आम्हा तिघांना आळीपाळीने नीट न्याहाळलं. ही सगुणा घाडी. बत्तीचं सगळं तीच बघायची.

"म्हणजे सहा दिवस ती तुमच्याकडे आसता," ती म्हणाली. "आमका संशय होतोच. येता तेव्हा दमलेली आसता, रात्रभर जागल्यासारखी. बंदरावर तिका कसल्या कामाक लावतत, देव जाणे."

"सरकारी काम आसा," विश्राम म्हणाला. "उजेड दाखवता."

"कोणाक?"

"बोटींक."

सगुणाने यावर विचार केला. खोटं बोलतोय की काय, हे ती त्याच्या तोंडावरून शोधत होती. मग म्हणाली, "तेल घालीत नाय काय तुम्ही तिका?"

दर सहा महिन्यांनी विश्राम नोंदवहीत आठही पायांपुढे 'ठीक' असं लिहीत आला होता. तो खाली बसला, वाटी उचलली आणि विचारलं, "खंयसून लावूचा?" सगुणाने त्याला सांधा दाखवला. पूल होण्याआधी बत्ती खाडीतून यायची-जायची, तेव्हा लावलेलं तेल पाण्याने धुऊन जायचं, आता टिकतं, हेही तिने सांगितलं.

इकडे बायका आतल्या गोल जिन्याने एकेक करून वर जात होत्या. काकीही चढल्या. मी त्यांच्या मागे गेलो. वरच्या सज्ज्यावरून, डोंगरांच्या दोन ओळींपलीकडे, समुद्राची एक पट्टी दिसत होती. आंबेघळातून समुद्र कुठूनच दिसत नाही. फक्त मंगळवारी दिसतो.

बायका कठड्याला टेकून उभ्या होत्या. सगळ्यांची नजर त्या पट्टीवरच्या बोटींवर होती. त्यांचे नवरे, मुलगे, भाऊ नारळी पौर्णिमेपासून पावसाळ्यापर्यंत किनाऱ्यावरच्या बोटींवर खलाशी असतात. थोड्या वेळाने सगुणा वर आली आणि काकींच्या शेजारी उभी राहिली.

"ती हिरवी बोट दिसता? नाकाडाच्या डावीकडे. तेच्यावर माझो घोव आसा. सोनू."

ती बोट भागीकाकींची होती. सोनू घाडी नऊ वर्षं त्यांच्याकडे जाळी ओढत होता. काकी त्याला 'घाटावरचो' म्हणत. कुठल्या गावचा, घरी कोण, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"चांगलो कामाचो आसा," काकी म्हणाल्या.

"तुमका कसा म्हायत?"

"बोट माझी."

सगुणाने पुन्हा त्यांच्याकडे संशयाने पाहिलं. मग म्हणाली, "मी बघतंय म्हणान तेका सांगू नका. कळला तर दर मंगळवारी उगाच ऐटीत उभो रवात आणि हात कापून घेयत."

काकींनी मान हलवली. त्या बराच वेळ त्या हिरव्या ठिपक्याकडे बघत होत्या. मी आमचं बंदर शोधलं. खडकावर काही नव्हतं. तो रिकामा खडक मला आपला वाटेना.

साडेतीनला बायका खाली उतरल्या आणि बत्ती निघाली. सगुणाने आम्हाला थांबवून चहा दिला. विश्रामने तिच्याकडून करंजेलाची बाटली मागून घेतली. वाटेत बत्तीला गाठू असं आम्ही धरून चाललो होतो, पण उताराला ती दिसली नाही, पुलावरही दिसली नाही. पाय बरा झाल्याने आज भरभर गेली असेल, असं मी म्हणालो. आम्ही पावणेपाचला खडकावर पोचलो. ती तिथेही नव्हती.

थांबण्याशिवाय काही करता येत नव्हतं, म्हणून मी अर्ज लिहायला घेतला. नाव, हुद्दा, वेळ. ठिकाण: आंबेघळ. विश्रामने खाली सही केली. पाच वाजले, साडेपाच वाजले. जेटीवरचे लोक आमच्याकडे बघत होते. आम्ही तिघं मंगळवारी टेंपो घेऊन कुठे गेलो होतो, हे कुणालाच माहीत नव्हतं.

सहा वाजून दहा मिनिटांनी बत्ती आली. ती उत्तरेकडून आली. पूल आणि आंबेघळ पूर्वेला आहेत. ती समुद्रातून चालत आली, खडकावर चढली आणि उभी राहिली. कमरेपासून खाली पाणी निथळत होतं आणि पायांना शेवाळ होतं.

ओली बत्ती पाहून जेटीवरच्या लोकांच्या मनातलं मळभ एकदम गेलं. धुळीचं काहीतरी मध्येच झालं असेल, आता सगळं पूर्वीसारखं आहे, असं ते एकमेकांना सांगू लागले. एक बाई पाटावरून उठली आणि दोन सुरमया घेऊन विश्रामच्या घराकडे गेलेली मी पाहिली.

आम्ही वर चढलो. सज्ज्याच्या कठड्यावर एक लुगडं वाळत घातलेलं होतं. हिरवं, लाल काठाचं. नीट झटकलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही टोकांना गाठ मारलेली. आंबेघळात तसं लुगडं कुणाच्या अंगावर नव्हतं. आमच्याकडे तसं कुणी नेसत नाही.

काकींनी पदराकडची बाजू दोन बोटांत धरून पाहिली. "ओला आसा," त्या म्हणाल्या. "धुवून तास झालो नसात."

विश्रामच्या हातात अर्ज होता. त्याने तो एकदा वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "सचिवानू, ठिकाणाक जागा किती आसा?"

"एका ओळीची."

त्याने अर्जाची घडी घालून खिशात ठेवली.

काकी अजून लुगड्याजवळच उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या पुन्हा 'बत्ती खंय जाता?' असं विचारतील, आणि विचारायला तिथे विश्रामच होता. पण त्या त्याला म्हणाल्या, "सुकला काय घडी करून आत ठेव. पुढच्या मंगळवारी परत जायत."

"ठेवतंय."

"आणि दिवो लाव. बोटी येतत."

विश्राम आत गेला आणि दिवा लागला. काकी कठड्याला धरून उत्तरेकडे बघत होत्या. मीही पाहिलं. तिकडे नुसतं पाणी होतं.